चार सेंटिमीटर कमी पडले तेव्हा: मोटरहोमच्या गॅरेजात दोन सायकली

आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, मागच्या पलंगाखाली सामानाचा एक मोठा कप्पा आहे. त्याला बाहेरून, गाडीच्या डाव्या अंगाला दार आहे आणि मोटरहोमवाले त्याला गॅरेज म्हणतात. त्या गॅरेजात माझी आणि सौ.ची अशा दोन सायकली बसवायला मला फेब्रुवारी ते जून २०२४ असे पाच महिने लागले आणि एकूण २,६५० रुपये खर्च झाले. त्यांपैकी ९३० रुपये निव्वळ वाया गेले. हेच काम ज्यांना करायचे आहे, त्यांचे निदान ते ९३० रुपये वाचावेत, म्हणून वहीतील तारखा आणि हिशेब समोर ठेवून हे लिहीत आहे.

मी वरूड तालुक्यातील एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यानंतर थोडी संत्र्याची बाग आणि भरपूर मोकळा वेळ एवढे हाती राहिले. आम्हा दोघांनाही सायकलीची सवय आहे. शाळेत जाण्यायेण्यासाठी मी वर्षानुवर्षे सायकलच वापरली आणि सौ. अजूनही शेतात सायकलीनेच जाते. त्यामुळे २०२० सालची, आधीपासूनच मोटर कॅराव्हॅन म्हणून खासगी वापरासाठी नोंदलेली एक जुनी गाडी आमच्याच जिल्ह्यातील एका गृहस्थांकडून घेण्याचे ठरले, तेव्हा सौ.ने एकच अट घातली होती: सायकली सोबत आल्या पाहिजेत. मी तत्काळ हो म्हटले, कारण गॅरेज मी पाहिले होते आणि ते मला प्रशस्त वाटले होते. पाहणे आणि मोजणे यांत किती अंतर असते, हे मला पुढे कळले.

कागदपत्रांचा भाग आधी सांगतो, कारण सायकलींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले. ११ डिसेंबर २०२३ रोजी व्यवहार झाला. मालकी हस्तांतरासाठी विकणाऱ्याने नमुना २९ आणि दोघांनी मिळून नमुना ३० भरावा लागतो. गाडी घेणाऱ्याने ही माहिती ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायची असते, तर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. हे दुसरे बंधन पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही मेहुण्याने आठवण करून दिली म्हणून मी २१ डिसेंबरला अर्ज केला. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज १९ तारखेला भरला होता आणि २७ डिसेंबरला कागद घेऊन कार्यालयात गेलो. चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घासून घेतलेली छाप लागते. ती घरीच, उजेडात, दोन-तीन प्रती काढून न्यावी. मी एकच प्रत नेली होती आणि ती पुसट निघाल्यामुळे कार्यालयाच्या आवारात गाडीखाली अंग मोडून बसावे लागले. शिवाय अर्ज भरताना गावाच्या नावातील एक अक्षर मीच चुकवले होते; ते दुरुस्त करून नवे नोंदणी प्रमाणपत्र टपालाने घरी यायला २ फेब्रुवारी उजाडला.

२७ डिसेंबरला कार्यालयातल्या मोटार वाहन निरीक्षकांना मी सहज विचारले की, गाडीच्या मागे बाहेरून सायकलींचा लोखंडी सांगाडा लावला तर चालेल का. माझी मूळ कल्पना तीच होती; गावातल्या वेल्डरकडून अँगलचा सांगाडा करून घ्यायचा आणि मागच्या बाजूला ठोकून द्यायचा. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि रचना बदलून गाडीचे मूलभूत स्वरूप बदलते तेव्हा त्याला कायद्याच्या भाषेत फेरफार म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना फेरफाराला मालकास दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ते पुढे म्हणाले, फेरफाराचा वाद बाजूला ठेवला तरी सायकली मागे टांगल्या की नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, आणि त्यासाठी रस्त्यात कुठेही अडवले जाईल. नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या कुलपाने पक्की केलेली असते, त्यामुळे ती काढून सांगाड्यावर लावायची सोयही नाही. "आतमध्ये, न ठोकता, सामानासारखे ठेवा की," एवढे बोलून ते पुढच्या अर्जाकडे वळले. हे त्यांचे तोंडी मत होते, हे लक्षात ठेवावे. ज्याने त्याने आपापल्या कार्यालयात विचारून घेतलेले बरे. मला मात्र त्यांच्या "न ठोकता" या शब्दाने पुढचा रस्ता दाखवला. गॅरेजच्या तळाला किंवा भिंतीला एकही भोक पाडायचे नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले. त्याचे दुसरेही कारण आहे. या गाड्यांचा तळ थरांचा असतो. त्यात भोक पडले की पावसाळ्यात पाणी थरांमध्ये शिरते आणि आतले लाकूड कुजते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टेप घेऊन गॅरेज मोजले. गाडीच्या रुंदीच्या दिशेने आतली लांबी १६८ सेंटिमीटर, पुढून मागे खोली १०५ आणि उंची ९२. नंतर सायकली मोजल्या. माझी गिअरची सायकल पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत १७२ सेंटिमीटर भरली आणि सौ.ची २६ इंची लेडीज सायकल १६९. म्हणजे एक चार सेंटिमीटरने अडत होती आणि दुसरी केवळ एका सेंटिमीटरने. एका सेंटिमीटरसाठी माणूस किती खटाटोप करतो, हे सांगायला नको. मी टायरमधली हवा काढून पाहिली. सायकल तिरपी घालून पाहिली, आणि ती बसलीही, कारण तळाच्या कर्णाची लांबी १९८ सेंटिमीटर भरते. पण तिरपी सायकल सगळे गॅरेज अडवून बसते आणि दुसरीला जागा उरत नाही. छताच्या हुकांना उभी टांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ९२ सेंटिमीटर उंचीत कोणतीही सायकल उभी राहत नाही.

तेव्हा पुढचे चाक काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढचे चाक काढले की सायकलीची लांबी साधारण त्या चाकाच्या निम्म्या व्यासाएवढी कमी होते. माझी सायकल १३८ सेंटिमीटरवर आली आणि सौ.ची १३६ वर. शिवाय चाक काढल्यावर ते धरणारा चिमटा (फोर्क) खाली टेकवता येतो, त्यामुळे हँडलही खाली येते. हा दुसरा फायदा मला तेव्हा समजला नव्हता. तो मला गावातल्या वेल्डरने समजावला.

वेल्डर माझा जुना विद्यार्थी आहे. १८ फेब्रुवारीला त्याला गाडी दाखवायला नेली. माझ्या वहीतील आकडे त्याने पाहिले, गॅरेजचे दार उघडले आणि म्हणाला, "गुरुजी, खोली मोजली, पण दार मोजलं काय? सामान दारातून जाते नं, भितीतून थोडीच जाते!" दार मी खरोखरच मोजले नव्हते. दाराची मोकळी जागा ९४ सेंटिमीटर रुंद आणि ८४ सेंटिमीटर उंच निघाली. आतली उंची ९२ असली, तरी आत जाणारी वस्तू ८४ हूनही थोडी कमीच असायला हवी. त्यावर माझे सगळे हिशेब पुन्हा करावे लागले. माझ्या सायकलीच्या हँडलची उंची ९८ होती. चाक काढून चिमटा जमिनीपासून १२ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर टेकवला, तेव्हा ती ८० भरली. सीट खाली दाबून ८१ वर आणली. सौ.च्या सायकलीचे हँडल मात्र मूळचेच १०४ वर, त्यामुळे टेकवल्यावरही ते ८७ वर राहिले. जुन्या पद्धतीच्या हँडलची दांडी वरचा बोल्ट सैल करून, त्यावर लाकडाने हलका ठोका देऊन खाली दाबता येते. ती पाच सेंटिमीटर खाली घेतली. हँडल कधी वर घ्यावे लागले, तर दांडीवर कोरलेल्या मर्यादेच्या खुणेपेक्षा वर मात्र घेऊ नये, नाहीतर ती चालवताना निसटते. सीटच्या दांडीवर मूळ उंचीच्या जागी वायरमनकडची काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली, म्हणजे बाहेर काढल्यावर पुन्हा अंदाज बांधत बसावे लागत नाही.

आता सायकली आत कशा सरकवायच्या, हा प्रश्न उरला. वाकून, गुडघ्यावर बसून दोन सायकली १६८ सेंटिमीटर आत ढकलणे साठीनंतरच्या माणसाचे काम नव्हे. कपाटाच्या मोठ्या खणाला असतात तसे सरकते चॅनल लावून वर फळी बसवावी, म्हणजे खण ओढल्यासारखे दोन्ही सायकलींसकट सगळे बाहेर येईल, असे मला वाटले. मार्च महिन्यात ७८० रुपयांची चॅनलची जोडी आणली, ती एका जाड फळीला खालून बसवली आणि मोठ्या अभिमानाने सौ.ला दाखवायला बोलावले. तिसऱ्यांदा ओढताना चॅनल वाकले. कारण उघड आहे. खणातले कपडे आणि दोन सायकली यांच्या वजनात फरक आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की फळी अर्ध्याहून अधिक बाहेर आली की सगळे वजन तिच्या टोकाला लोंबते आणि ते सारे चॅनलच्या आतल्या दोन गोळ्यांच्या रांगांवर येते. एका आठवड्याची मेहनत गेली. सौ. काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला अधिक लागले.

एप्रिल आणि मे हे दोन महिने फारसे काही घडले नाही. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी पारा ४५ अंशांवर सहज जातो आणि बंद गाडीच्या आत तर हात लावता येत नाही. काढलेली चाके भिंतीला लावायला मी मागे गोंद असलेले प्लॅस्टिकचे हुक आणले होते, १५० रुपयांचे. मे महिन्यातील एका दुपारी ते सगळे गोंद वितळून एकामागून एक खाली पडलेले आढळले. विदर्भातील उन्हाळ्यात गोंदावर टिकणारी कोणतीही वस्तू गाडीत लावू नये, एवढे त्यातून शिकलो.

खरे काम जूनमध्ये झाले, पावसाची वाट पाहत असताना. चाके, रूळ, चॅनल हा सगळा विचार सोडून दिला आणि साधी फळी घ्यायची ठरवली. वरूडच्या लाकडाच्या दुकानातून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा उरलेला तुकडा ६०० रुपयांना मिळाला. तो १५० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद कापून घेतला. सुताराकडे कामातून उरलेल्या सनमायकाच्या पट्ट्या पडून होत्या. त्या त्याने तशाच दिल्या आणि फळीच्या खालच्या बाजूला, गुळगुळीत अंग जमिनीकडे ठेवून, चिकटवून कडांना खिळ्यांनी पक्क्या केल्या. त्यांवर मेणबत्ती घासली. एवढ्याने दोन सायकलींसकट फळी एका हाताने सरकते, यावर माझा स्वतःचा विश्वास बसला नव्हता. फळी बाहेर ओढताना मात्र तिच्या पुढच्या टोकाखाली संत्र्यांचे एक उलटे प्लॅस्टिकचे कॅरेट ठेवावे लागते, म्हणजे ती अधांतरी लोंबत नाही. आमच्या दाराच्या उंबरठ्याची जमिनीपासूनची उंची आणि कॅरेटची उंची यांत तीन बोटांचा फरक होता. तो कॅरेटवर लाकडाची पट्टी ठेवून भरून काढला.

चिमटा धरून ठेवण्याची युक्ती वेल्डरची. भंगारवाल्याकडून जुन्या सायकलींच्या पुढच्या चाकांचे दोन हब १२० रुपयांना आणले. हब म्हणजे चाकाच्या मधला तो भाग, ज्यातून एक्सल जातो आणि ज्याला तारा जोडलेल्या असतात. तारा कापून टाकायच्या, एक्सल आणि छर्रे बाहेर काढायचे, आतले जुने ग्रीस रॉकेलने धुऊन टाकायचे आणि मग लोखंडी हब एका जाड पट्टीवर वेल्डिंगने जोडून घ्यायचा. ग्रीस ठेवून वेल्डिंग केल्यास ते पेटते, आणि हबवर मुलामा असेल तर तो आधी घासून काढावा, काम उघड्यावर करावे, कारण त्याचा धूर छातीला चांगला नाही. नंतर एक्सल परत घालून ती पट्टी बाभळीच्या ठोकळ्यावर आणि ठोकळा फळीवर बोल्टने आवळला. आता सायकलीचा चिमटा या खोट्या हबवर बसतो, जणू तिथे चाकच आहे, आणि नट आवळला की सायकल हलत नाही. माझ्या चिमट्याच्या दोन पायांमधले अंतर १०० मिलिमीटर आहे, सौ.च्या सायकलीचे त्याहून कमी भरले. म्हणून हब घेताना आपली सायकल सोबत न्यावी किंवा निदान माप तरी न्यावे. हब थोडा अरुंद पडला तर वॉशर घालून अंतर भरता येते, रुंद झाला तर काहीच करता येत नाही.

सौ.ने या टप्प्यावर एक आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. तिच्या सायकलीचे पुढचे चाक साध्या नटांचे असल्यामुळे प्रत्येक वेळी पाना लागणार होता. "अहो, दरवेळी इतकं खोलायचं असेल, तर मी आपली पायीच फिरते," असे ती म्हणाली. सायकलच्या दुकानदाराने तिच्या एक्सलच्या आट्यांना जुळणारे पंख्यासारखे नट शोधून दिले, जे हातानेच आवळता येतात. दोन्ही हबांसाठीही तेच घेतले, सगळे मिळून ६० रुपये. ते हाताने आवळले तरी पुरेसे घट्ट होतात, मात्र चालवण्यापूर्वी चाक धरून हलवून पाहावेच लागते.

मागच्या चाकांसाठी ठिबकच्या सब-मेनचा उरलेला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कामी आला. त्याचा वरचा तिसरा भाग आडव्या करवतीने लांबीत कापून काढला की टायर बसायला पन्हळ तयार होते. ते फळीला बोल्टने लावले. बोल्टचे डोके पाइपच्या आत बुडेल इतपत खोलगट करून घ्यावे, नाहीतर टायरला लागते. ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचे हातभर तुकडे घेऊन ते लांबीत चिरले आणि जिथे लोखंड सायकलीला घासते तिथे चढवले. बाजारात यासाठी फोमच्या नळ्या मिळतात, पण आमच्या भागात प्रत्येक शेताच्या बांधावर जुनी नळी पडलेली असते, तेव्हा त्यासाठी पैसे घालवणे मला पटले नाही.

दोन सायकली एकमेकींच्या उलट दिशेने ठेवाव्यात, हे सगळ्यांना सुचते, कारण एकीचे हँडल दुसरीच्या मागच्या चाकापाशी येते आणि जागा वाचते. पण कोणते अंग आत ठेवायचे, हा विचार मी दोनदा बदलला. आधी दोन्हींच्या चेनची बाजू आत आली होती. त्यामुळे माझ्या सायकलीचा मागचा गिअर दुसरीच्या तारांत अडकत होता आणि चेनला तेल देण्यासाठी सगळे बाहेर काढावे लागत होते. नंतर दोन्हींची डावी अंगे आमनेसामने ठेवली आणि मधले अंतर २८ सेंटिमीटर घेतले. तरी पायडल एकमेकांना भिडतच होते, म्हणून माझ्या सायकलीचे डावे पायडल काढून ठेवतो. इथे एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. मला हे माहीत होते, तरी घाईत नेहमीच्या दिशेने जोर लावला आणि ते अधिकच आवळून बसले. मग पान्याला पाइप जोडून ते सोडवावे लागले. ज्यांच्या सायकलीला तेलावर चालणारे डिस्क ब्रेक आहेत, त्यांनी चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवावी, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

एक अडचण अजूनही आहे. सौ.च्या सायकलीच्या कॅरिअरला माझ्या हँडलचे टोक घासते. कॅरिअर काढायला ती तयार नाही, आणि ते काढावे असे मलाही म्हणवत नाही, कारण तिचा डबा त्यावरच असतो. सध्या हँडलच्या टोकाला चिरलेली नळी आणि त्यावर जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली आहे.

फळी गॅरेजमध्ये हलू नये यासाठी तळाला आधीपासूनच असलेल्या चार कड्यांना दोन रॅचेट पट्ट्यांनी, म्हणजे खटका फिरवून आवळायच्या पट्ट्यांनी, बांधली. हे पट्टे ५२० रुपयांना पडले आणि या कामात पैसे वाचवू नयेत, असे माझे मत आहे. दोरीची गाठ वळणावर सैल होते, पट्टा होत नाही. काढलेली चाके गोणपाटात घालून मागच्या भिंतीशी उभी राहतात आणि त्याच पट्ट्याखाली दाबली जातात. बोल्ट, नट, वॉशर १४० रुपये, लोखंडी पट्टी ८० आणि वेल्डरची मजुरी २०० रुपये. तो पैसे घेत नव्हता. ते मी त्याच्या मुलाच्या हाती दिले. असे एकूण १,७२० रुपये कामाला लागले. वाया गेलेले ७८० आणि १५० मी सुरुवातीलाच धरले आहेत.

फळीवर चिखल पडू नये म्हणून तिच्यावर जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरला आहे. आमच्या भागातील काळी माती पावसात टायरला अशी चिकटते की मडगार्डमध्ये चाक फिरेनासे होते, आणि वाळल्यावर ती खडीसारखी सांडते. फ्लेक्स काढून झटकला की झाले. तो कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. शुभेच्छुकांची रांग नेमकी मागच्या चाकाखाली आली, त्याला माझा इलाज नाही.

एक चूक मात्र गंभीर होती. गॅरेजच्या एका कोपऱ्यात ५ किलोचे छोटे गॅस सिलिंडर ठेवण्याची जागा आहे आणि तिच्या तळाशी हवा जाण्यासाठी जाळी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली बसतो आणि त्या जाळीतून बाहेर जातो. फ्लेक्स अंथरताना मी ती जाळी झाकून टाकली होती. हे लक्षात आले ते तीन आठवड्यांनी, तेही सौ.च्या. तेवढा भाग कापून काढला. सायकली बांधताना सिलिंडरच्या नळीजवळ हँडल किंवा पायडल येत नाही ना, हेही दरवेळी पाहतो.

२९ जूनला संत्रा मंडीजवळच्या वजनकाट्यावर गाडी नेली. सायकली, फळी आणि पट्टे मिळून ४० किलो होतात. ते फार नाही. पण ते मागच्या चाकांच्या बरेच मागे असतात. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर ३.३५ मीटर आहे आणि गॅरेजचा मध्य मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे येतो. त्यामुळे तरफेसारखे होते. पुढचा भाग थोडा उचलला जातो आणि मागच्या एक्सलवर सामानाच्या वजनापेक्षा अधिक भार येतो. काटेवाल्याला सांगून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली आणि नंतर सगळी गाडी, सायकली असताना आणि नसताना. पुढच्या एक्सलवर १५ किलो कमी झाले आणि मागच्यावर ५५ किलो वाढले. चार वजनांचे २०० रुपये झाले, ते मी सायकलींच्या हिशेबात धरलेले नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण वजनाच्या मर्यादेच्या आत आम्ही आहोत, तरी १०० लिटर पाण्याची टाकी मागेच असल्याने आता ती अर्धीच भरून निघतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर पूर्ण भरतो. मागच्या टायरमधली हवाही त्यानंतर तपासून घेतली.

पहिली परीक्षा जवळच घेतली. ७ जुलैला मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर गेलो. रस्ता सपाट होता, सायकली जागच्या हलल्या नाहीत, पण बाहेर काढून जोडायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात पाऊस आला. आम्ही सायकली न चालवताच परत बांधल्या.

खरी परीक्षा चिखलदऱ्याची. अंबिया बहाराची फळे व्यापाऱ्याला देऊन झाल्यावर, दिवाळीनंतर, ९ नोव्हेंबरला निघालो. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि पुढे धामणगाव गढीवरून घाट. घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर मागून खडखड ऐकू येऊ लागली. गाडी बाजूला घेण्याजोगी जागा मिळेपर्यंत दोन किलोमीटर गेले आणि तेवढ्या वेळात सौ.ने सायकलीच्या किमतीपासून माझ्या स्वभावापर्यंत बऱ्याच विषयांना स्पर्श केला. दार उघडून पाहिले तर सगळे जागच्या जागी होते. फक्त तिच्या चिमट्याचा एक पंख्याचा नट सैल होऊन एक्सलवर वाजत होता. मी तो हाताने आवळला आणि सुटा फिरणार नाही म्हणून त्याच्या पंखाला ट्यूबची पट्टी ओढून चिमट्याला बांधली. घरी आल्यावर दोन्ही हबांवर नटाखाली दातेरी वॉशर घातले, तेव्हापासून ती तक्रार नाही.

मुक्कामी पोहोचलो तेव्हा माझे डावे पायडल बसवायला पाना नव्हता. तो घरी, अंगणातल्या बाजेवर राहिला होता. तिथल्या सायकल दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत पायडल बसवून दिले. हँडल आणि सीट मूळ उंचीवर आणून दोन्ही सायकली तयार झाल्या तेव्हा घड्याळात बावीस मिनिटे झाली होती. आता सरावाने अकरा लागतात, आणि पाना फळीलाच सुतळीने बांधलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते. सौ. पुढे निघाली, गाविलगडाच्या रस्त्याने, कॅरिअरवर डबा बांधून.